भाडे बारा हजार, आडनावाचे वेगळे

मध्य रेल्वेने ठाण्याच्या पुढे जसजसे जावे, तसतसे घराचे भाडे उतरत जाते आणि प्रवास वाढत जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. मुंबईत कामाला जाणारा कष्टकरी माणूस आपले घर या आकड्यांवर ठरवतो. मुलुंड-भांडुप परवडले नाही की डोंबिवली, डोंबिवली परवडली नाही की अंबरनाथ आणि तेही परवडले नाही की बदलापूर. स्टेशनबाहेरच्या एजंटच्या दुकानात काचेवर कागद चिकटवलेले असतात. वन आरके, वन बीएचके, चाळीतील खोली. भाडे अमुक, डिपॉझिट तमुक. माणूस तो आकडा वाचतो, मनातल्या मनात पगाराशी ताडून पाहतो आणि आत शिरतो.

पण काचेवरचा तो आकडा अर्धाच खरा असतो. भाड्याच्या घराची खरी किंमत त्या कागदावर लिहिलेली नसते. ती किंमत काढायची तर दोन हिशोब मांडावे लागतात. पहिला हिशोब सर्वच भाडेकरूंचा आहे, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत. दुसरा हिशोब आपला आहे. तो एजंटने 'पूर्ण नाव काय?' असे विचारले की सुरू होतो. या दोन्ही हिशोबांवर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. घर विकत घेण्यावर चर्चा होते, म्हाडाच्या सोडतीवर चर्चा होते, झोपडपट्टी पुनर्वसनावर तर निवडणुका लढवल्या जातात. परंतु दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या भाडेकरूचा कोणी वाली नाही. त्याचे मतदार यादीतले नावही त्याच्या मागोमाग फिरत राहते आणि बहुधा मागेच राहते!

बारा हजारांचे साडेचौदा हजार

आधी पहिला हिशोब. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उपनगरातल्या एका लहान सदनिकेचे भाडे महिना १२,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,००० रुपये असे धरू. दलालीपोटी एजंट एक महिन्याचे भाडे घेतो, म्हणजे १२,००० रुपये. सामान हलवायला टेम्पो आणि हमाली ४,००० रुपये धरू. करारनाम्याचा खर्च २,००० रुपये धरू. हे झाले १८,००० रुपये. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने संपले की मालक म्हणतो, भाडे वाढवा नाहीतर खोली सोडा. सोडली तर हे १८,००० रुपये पुन्हा मोजायचे. अकरा महिन्यांत विभागले तर महिन्याला १,६३६ रुपये होतात.

आता डिपॉझिट. रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम करणाऱ्याकडे ५०,००० रुपये एकरकमी कुठून येणार? तो सावकाराकडून किंवा भिशीतून उचलतो. शेकडा दोन टक्के दराने महिन्याचे व्याज होते १,००० रुपये. म्हणजे काचेवर १२,००० रुपये लिहिलेले घर प्रत्यक्षात महिना १४,६३६ रुपयांना पडले. त्यात लाईट बिल नाही, रेल्वेचा पास नाही, मुलाची शाळा बदलण्याचा खर्च नाही आणि शेवटी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापून घेतलेली रक्कम नाही. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला डिपॉझिटचे व्याज भरावे लागत नाही. जो गरीब आहे त्याला तेच घर महाग पडते. गरिबाला गरिबीचाही कर भरावा लागतो, तो असा.

हे भाडे भरायचे कशातून? येथे दोन नोकऱ्यांची तुलना करून पाहा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सातव्या वेतन आयोगानुसार किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरले. मुंबईसारख्या एक्स वर्गातील शहरांत घरभाडे भत्त्याचा दर २०२४ च्या जानेवारीपासून ३० टक्के झाला. म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यालाही ५,४०० रुपये घरभाडे मिळते. दुसरीकडे महाराष्ट्राने १९८३ साली कामगारांना किमान घरभाडे भत्ता देणारा कायदा केला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी त्याने दर ठरवला तो वेतनाच्या ५ टक्के! पंधरा हजार रुपये वेतन घेणाऱ्या कामगाराला त्या दराने ७५० रुपये होतात. साडेसातशे रुपयांत बदलापूरलाच काय, बदलापूरच्या पुढे वांगणीलाही खोली मिळणार नाही.

कंत्राटीकरणाने आपल्या नोकरीतले आरक्षण गेले, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण कंत्राटीकरणाने त्या नोकरीबरोबर येणारे घरही गेले, हे आपण म्हणत नाही. कायम सफाई कामगाराला भत्ता होता, कुठे कुठे क्वार्टर होते. रेल्वेत, पोस्टात, गोदीत, महापालिकेत लागलेल्या आपल्या मागच्या पिढीला शहरात पाय रोवता आला तो या आधारावर. त्याच पिढीचा नातू आज तेच काम ठेकेदाराकडे करतो आणि एजंटच्या दुकानात उभा राहतो.

आडनावाचा हिशोब

आता दुसरा हिशोब. एजंटच्या दुकानात भाडे पटले, डिपॉझिट पटले, घर पाहून झाले. मग प्रश्न सुरू होतात. पूर्ण नाव काय? गाव कोणते? नॉनव्हेज खाता का? प्रश्न साधेच वाटतात. पण आपल्या माणसाला त्यांचा अर्थ कळतो. आडनावावरून कळले नाही तर गावावरून, गावावरून कळले नाही तर मुलांच्या नावावरून आणि तेवढ्यानेही भागले नाही तर भिंतीवर कोणाचा फोटो लागणार यावरून जात शोधली जाते. त्यानंतर कोणी 'तुम्ही अमुक जातीचे म्हणून घर देत नाही' असे तोंडावर सांगत नाही. 'मालकाचा भाऊ येणार आहे', 'सोसायटी परवानगी देत नाही', 'कालच टोकन घेतले' अशी उत्तरे येतात. अस्पृश्यता आता बोलत नाही. ती फोन उचलायचे बंद करते.

हा आपला नुसता संशय आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास नोंदलेला आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरातील शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पद्धत साधी होती. घर शोधणारे म्हणून उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांच्या व्यक्तींनी मालकांशी आणि दलालांशी संपर्क साधायचा आणि उत्तरे नोंदवायची. उच्चवर्णीय नावांना जवळजवळ सर्व ठिकाणी होकार आला. दलित नावांपैकी सुमारे १८ टक्क्यांना साफ नकार मिळाला आणि सुमारे २३ टक्क्यांना वेगळ्या, जाचक अटी घालण्यात आल्या. मुस्लिम नावांची स्थिती याहून वाईट होती. सुमारे ३१ टक्क्यांना नकार आणि ३५ टक्क्यांना वेगळ्या अटी.

या आकड्यांतला दुसरा आकडा नीट पाहा. नकार दिसतो, त्याची बातमी होते. पण वेगळ्या अटी दिसत नाहीत. वेगळी अट म्हणजे वाढीव भाडे, जास्त डिपॉझिट, स्वयंपाकघरावर पहारा किंवा कधीही खाली करण्याची तयारी. म्हणजे जातीला बाजारात किंमत आहे आणि ती रुपयांत मोजली जाते. ज्याला दहा घरांपैकी सहाच घरे दाखवली जातात, त्याला घासाघीस करता येत नाही. मिळेल ते घर, सांगतील त्या भाड्याने घ्यावे लागते. ज्या दिवशी नकार मिळतो त्या दिवसाची रोजीही बुडालेली असते. नाहीतर तो आपली माणसे जिथे आधीच राहतात तिथेच खोली पाहतो. मग हेच सद्गृहस्थ म्हणतात, 'ही माणसे आपली वेगळी वस्ती करूनच राहतात!' वस्ती आम्ही वेगळी केली की तुम्ही केली?

ही गोष्ट नवीन नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो राहायचे कुठे हाच. हिंदू खानावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी धर्मशाळेत जागा मिळाली, तीही पारशी नाव लावण्याच्या अटीवर. भाडे ठरले जेवणाखाण्यासह दिवसाला दीड रुपया. बाबासाहेबांनी ते दिले, वर नावही दिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत बाहेर पडावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसऱ्याची विचारणा केली, दोघांनीही टाळले. ही हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात स्वतः नोंदवून ठेवली आहे.

त्या प्रसंगावर आपण अश्रू ढाळतो. पण त्यातला हिशोब पाहत नाही. बाबासाहेबांकडे भाडे होते, पदवी होती, संस्थानची नोकरी होती. कमी पडले ते फक्त आडनाव. आज आपला शिकलेला मुलगा आयटी कंपनीत लागतो, पगाराची पावती दाखवतो आणि तरी घर मिळवण्यासाठी अर्धवट नाव सांगतो. ठरल्या भाड्यावर तो स्वतःचे नाव वेगळे मोजतो. तो दीड रुपयाचाच सौदा आहे, शंभर वर्षांनी महागलेला!

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ती मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. सर्व पक्षांचे नेते संतापले, माफी मागायला लावली गेली. तो संताप योग्यच होता. महाराष्ट्रात मराठी माणसाला जागा नाकारणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण आमचा एकच प्रश्न आहे. मराठी आडनाव असलेल्या आणि मराठीच बोलणाऱ्या बौद्ध, मातंग, चर्मकार कुटुंबाला मराठीच मालक घर नाकारतो, तेव्हा हा मराठी बाणा कुठे जातो?

आडनाव न विचारणारा घरमालक

आपल्या समाजाला मुंबईत पक्के छप्पर मिळाले ते कोणाकडून, याचा इतिहास आठवला पाहिजे. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. राजगृह नंतरचे. त्याआधीची दोन तपे, म्हणजे 'मूकनायक', बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, काळाराम आणि गोलमेज परिषद हा सारा काळ, बाबासाहेबांचे बिऱ्हाड सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या खोलीत होते. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उपनगरांत उभ्या राहिल्या. चेंबूरचे टिळकनगर आणि सुभाषनगर, घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर ही नावे कोणाला ठाऊक नाहीत?

या चाळी म्हणजे स्वर्ग नव्हता. तिथेही जातीजातीचे गट पडले होते. पण एक महत्त्वाचा फरक होता. घरमालक सरकार होते, मंडळ होते, ट्रस्ट होता. भाडे ठरलेले होते, पावती मिळत होती आणि जातीचे नाव काढून कोणी मध्यरात्री बिऱ्हाड बाहेर फेकू शकत नव्हते. आंबेडकरी चळवळीची कितीतरी माणसे याच खोल्यांत शिकली. अभ्यासिका, वाचनालये, व्यायामशाळा, जयंती मंडळे याच चाळींच्या आवारात उभी राहिली. अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या माणसाला चळवळ उभी करता येत नाही. त्याला शेजारीसुद्धा नीट ओळखत नाहीत.

मग पुढे काय झाले? सरकारने भाड्याची घरे बांधणे सोडले आणि विकायची घरे बांधायला सुरुवात केली. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालातच कबुली आहे. १९६१ साली शहरांतील ५४ टक्के घरे भाड्याची होती, २०११ साली ते प्रमाण २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. एकीकडे माणसांना घर नाही आणि दुसरीकडे घरांत माणूस नाही! घर ही राहण्याची वस्तू न राहता पैसा ठेवण्याची तिजोरी झाली की असेच होते.

मध्ये एक प्रयत्न झाला. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला वाढीव चटईक्षेत्र द्यायचे आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे भाड्याने देण्यासाठी घ्यायची. १९२० च्या दशकातली बीडीडीची खोली १६० चौरस फूट आणि २००८ ची भाड्याची खोलीही १६० चौरस फूट! गरिबाची लांबीरुंदी ऐंशी वर्षांत बदलली नाही. आणि एवढे करूनही ती योजना भाड्याची राहिली नाही. धोरण बदलले, घरे दुसऱ्या कामांसाठी वळवली गेली. पनवेलजवळच्या कोन येथील अशी घरे २०१६ साली गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. गिरणी कामगारांना घरे मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण भाडेकरूंच्या नावाने आलेली योजना भाडेकरूंपर्यंत पोहोचली नाही, हेही तितकेच खरे. कोरोनाच्या टाळेबंदीत मजुरांचे लोंढे पायी गावाकडे निघाले, तेव्हा केंद्र सरकारला भाड्याच्या घरांची पुन्हा आठवण झाली आणि २०२० साली परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना जाहीर झाली. माणसे चालत निघाली म्हणून आठवण झाली. ती इथे राहत होती तेव्हा झाली नाही.

कायदा आहे, वापरत कोण?

महाराष्ट्रात भाडे कायदा नाही असे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे जुने भाडेकरू वाचले, पण नव्याने भाड्याची घरे बांधणे मालकांना नकोसे झाले. त्या कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. पण उपनगरातला आजचा भाडेकरू हा कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. तो 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणारा परवानाधारक आहे. त्याचे भाडे किती वाढवावे यावर बंधन नाही आणि मुदत संपल्यावर तो राहिला तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे कायदा आहे, पण आपल्याला ज्या दाराने घर मिळते त्या दाराशी तो येऊन थांबतो.

तरीही काही हत्यारे आपल्या हातात आहेत आणि ती गंजत पडली आहेत. ती वाचकांनी लक्षात ठेवावीत.

पहिले, करारनामा. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असे एजंट सांगतात. महाराष्ट्रात हे खोटे आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाला उलट सिद्ध करावे लागते. खर्चही मोठा नाही. आपल्या वरच्या उदाहरणातल्या घराला पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आत येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नका.

दुसरे, सोसायटी. 'सोसायटीची एनओसी मिळत नाही' हे जात लपवण्याचे सर्वांत सोयीचे पांघरूण आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार सभासदाला आपली सदनिका लीव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. कळवावे लागते आणि कागदपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात, एवढेच. सभासदाकडून घ्यायचे बिगरभोगवटा शुल्कही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलेले आहे. त्यामुळे समितीने भाडेकरूची मुलाखत घेणे, त्याचे स्वयंपाकघर तपासणे याला काही आधार नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५. आपल्यापैकी अनेकांना वाटते की हा कायदा विहीर, मंदिर आणि हॉटेलपुरताच आहे. तसे नाही. या कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणूक करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ तर याहून मोलाचे आहे. गुन्ह्यातली कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राने अनुसूचित जातीत धरले, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. सत्तर वर्षांचा हा कायदा भाड्याच्या घरासाठी किती जणांनी वापरला?

यातली अडचणही स्पष्ट सांगितली पाहिजे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. राज्यघटनेचे मूलभूत हक्क अशा खासगी संस्थेविरुद्ध थेट वापरता येत नाहीत, ही त्यामागची भूमिका होती. तो प्रश्न सभासदत्वाचा होता, भाड्याचा नव्हता. पण त्यातून चुकीचा धडा घेणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत. म्हणूनच भाड्याच्या बाजारात जात, धर्म आणि आहारावरून भेदभाव करण्यास स्पष्ट बंदी घालणारी तरतूद भाडे कायद्यातच हवी. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावे अशी तरतूद आहे. पण तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे, बंधनकारक नाही. ती एक तरतूद लागू झाली तर आपल्या उदाहरणातले ५०,००० रुपयांचे डिपॉझिट २४,००० रुपयांवर येईल आणि सावकाराचे निम्म्याहून अधिक व्याज वाचेल.

आपणही घरमालक आहोत

सरकारला आणि सवर्णांना दोष देऊन हा लेख संपवता आला असता. पण ते अप्रामाणिकपणाचे होईल. गेल्या चाळीस वर्षांत आरक्षणाच्या नोकऱ्यांमुळे आपल्यातही घरमालक तयार झाले. कल्याण, अंबरनाथ, नवी मुंबईत आपल्या माणसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या सदनिका आहेत. त्या कोणाला भाड्याने दिल्या जातात? मातंग कुटुंबाला आपण देतो का? मुस्लिम कुटुंबाला देतो का? एकट्या नोकरी करणाऱ्या मुलीला, परित्यक्ता भगिनीला देतो का? की आपणही 'फॅमिली चांगली पाहिजे' म्हणतो आणि चांगली म्हणजे वरच्या जातीची असे मनात धरतो? करार नोंदवतो का? डिपॉझिट वेळेवर परत करतो का? बाबासाहेबांच्या जयंतीला पाच हजार रुपये वर्गणी देणाऱ्या मालकाने भाडेकरूचे पाच हजार रुपये रंगकामाच्या नावाने कापून घेतले, तर ती वर्गणी कोणाच्या खिशातून गेली?

प्रत्येक वस्तीत आपली विहारे आहेत, मंडळे आहेत, कर्मचारी संघटना आहेत. त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या माणसांची रिकामी घरे आणि घर शोधणारी कुटुंबे यांची एक वही विहारात ठेवावी. दलालीचे एक महिन्याचे भाडे तिथेच वाचेल. आणि ज्यांना जातीवरून घर नाकारले गेले त्यांनी तारीख, पत्ता, झालेले बोलणे लिहून ठेवावे, संदेश जपून ठेवावेत आणि वकील सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जावे. एका उपनगरात एक गुन्हा जरी नीट नोंदला गेला, तरी दहा सोसायट्यांच्या समित्या उपविधी वाचायला बसतील.

सरकारकडे मागणीही स्पष्ट असली पाहिजे. म्हाडा आणि सिडकोने बांधलेल्या घरांपैकी ठराविक हिस्सा विक्रीऐवजी भाड्याने द्यावा, त्यात अनुसूचित जाती-जमातींचा वाटा असावा, डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा यावी, कंत्राटी कामगारांचा घरभाडे भत्ता ५ टक्क्यांवरून वाढावा आणि भाड्यातील भेदभावाला भाडे कायद्यातच शिक्षा असावी. यातली एकही मागणी अवास्तव नाही. शंभर वर्षांपूर्वीचे परके सरकार प्लेगच्या भीतीने का होईना भाड्याच्या खोल्या बांधू शकले. मग स्वतःच्या राज्यघटनेवर चालणारे सरकार तेवढेही का करू शकत नाही?

घराचे भाडे आम्ही भरू. ते घामाच्या पैशाचे आहे आणि आजवर भरत आलो आहोत. पण आडनावाचे भाडे यापुढे भरणार नाही, एवढे एकदा ठरले पाहिजे. ते ठरवण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, सोसायटीच्या एनओसीची तर मुळीच नाही.